शिक्का नसलेलं पुस्तक

शनिवारी तीन वाजता मी वाचनालयात पोहोचले, तेव्हा टाचणी सगळ्यात खालच्या कप्प्यासमोर गुडघ्यांवर बसली होती. एकेक पुस्तक बाहेर काढायची, मागे हात घालून चाचपायची, पुस्तक परत ठेवायची. हात कोपरापर्यंत धुळीने माखलेले.

"बाई, पुस्तक नाहीये."

"कोणीतरी वाचत असेल गं."

"कोण वाचत असेल? सगळे इथंच आहेत. मी सगळ्यांच्या हातात बघितलं."

टाचणी हे काही तिचं खरं नाव नाही. अंगकाठी बारीक आणि बोलणं टोचणारं, म्हणून पोरांनी ठेवलेलं. तिला ते आवडलं, म्हणून मीही तेच म्हणते. वय बारा. आई शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवते. दोघी सीमेपलीकडून इथं आल्या त्याला दीड वर्ष झालं. आली तेव्हा तिला आपल्या भाषेतले दोनच शब्द येत होते, 'हो' आणि 'नको'. त्यातला 'नको' ती जास्त वापरायची.

मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी या मुलांना घेऊन वाचनालयात बसते. बहुतेक सगळी कारखान्यातल्या कामगारांची मुलं. कोणी पलीकडून आलेली, कोणी त्याहून लांबून. आम्ही जमिनीवर बसतो आणि वाचतो. बाकी काही करत नाही.

जे पुस्तक सापडत नव्हतं, त्याचं नाव 'दोन किल्ल्यांची मुलगी'. जाड पुठ्ठ्याची कादंबरी, एकच प्रत. त्यातली मुलगी गळ्यात दोन किल्ल्या घालून फिरते. एक सोडून आलेल्या घराची, आणि एक इथल्या भाड्याच्या खोलीची. या मुलांना त्या पुस्तकाबद्दल कधी काही समजावून सांगावं लागलं नाही. टाचणीची तेवीस प्रकरणं झाली होती. चोविसावं, शेवटचं, राहिलं होतं.

मी ग्रंथपालाच्या टेबलाकडे गेले. हा ग्रंथपाल माझा विद्यार्थी. तेव्हा मुलं त्याला मोजपट्टी म्हणायची, कारण हा प्रत्येक ओळीखाली पट्टी ठेवून रेघ मारायचा. आता चाळिशी ओलांडलीय, केस विरळ झालेत, टेबलावर पट्टी अजून आहे.

"अरे, खालच्या कप्प्यातली ती किल्ल्यांची कादंबरी कुठं गेली?"

त्याने वर पाहिलं नाही. यादीवरून बोट फिरवलं. "रद्दच्या ढिगात आहे, बाई. गुरुवारी रद्दीवाला येईल."

"रद्द? कशासाठी?"

"पाच वर्षांत एकही शिक्का नाही." तो उठला, आतल्या खोलीतून पुस्तक घेऊन आला आणि मागचं पान उघडून माझ्यासमोर धरलं. तिथं तारखांची पट्टी चिकटवलेली होती. पुस्तक घरी नेलं की तिच्यावर तारखेचा शिक्का बसतो. पट्टी कोरी करकरीत होती. पहिल्या पानावर मात्र लाल शाईची फुली होती, अर्थात टेबलावरची पट्टी धरून मारलेली. "कोणी वाचतच नाही, तर जागा कशाला अडवायची? दोनशे नवीन पुस्तकं खोक्यात पडून आहेत."

माझं डोकं तडकलं. मुलांसमोर आवाज चढवायचा नाही हा माझा चाळीस वर्षांचा नेम. तो त्या दिवशी मोडला.

"कोणी वाचत नाही? अरे, तुझ्या डोळ्यांसमोर दर शनिवारी बारा मुलं या एका पुस्तकासाठी रांग लावतात! एकाचं प्रकरण संपलं की दुसरा. तुला दिसत नाही?"

"दिसतं, बाई. पण घरी कोणी नेत नाही. नोंद नेण्याची होते, बसून वाचण्याची होत नाही."

"घरी नेतील कसे? कार्ड दिलंस त्यांना?"

कार्डासाठी राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो, म्हणजे घरच्या कोणाच्या तरी नावाचं विजेचं बिल. ही कुटुंबं राहतात कारखान्याच्या इमारतीत, एका खोलीत आठ पलंग, मधे चादरी बांधून केलेल्या भिंती. बिल येतं कारखान्याच्या मालकाच्या नावाने. म्हणजे विजेच्या दिव्याखाली मुलं झोपतात, पण त्या दिव्याच्या हिशेबी ती तिथं राहतच नाहीत. यावर मी तीन अर्ज दिले होते. तिन्हींना एकच उत्तर, पुढच्या सभेत बघू.

"आणि शिवाय," तो जरा धीर गोळा करून म्हणाला, "पुस्तक खराब केलंय. हे बघा."

त्याने मधलं पान उघडलं. समासात बारीक पेन्सिलीने शब्द लिहिले होते. एका हातचे नव्हे, चार-पाच वेगवेगळ्या हातांचे, तीन वेगळ्या लिप्यांमध्ये. त्या पानावर कादंबरीतल्या मुलीचे वडील एका हॉटेलात फरशी पुसतात. तिकडे ते भूमितीचे शिक्षक होते. फडकं फिरवता फिरवता ते फरशीचे काटकोन मोजतात आणि घरी येऊन मुलीला सांगतात, की इथल्या गवंड्याला भूमिती येत नव्हती. 'काटकोन' या शब्दाशेजारी कोणीतरी आपल्या भाषेतला शब्द लिहिला होता. त्याखाली दुसऱ्याने आपला. त्याखाली टाचणीचं अक्षर होतं, मी ओळखलं.

"तू याला खराब केलं म्हणतोस?" मी म्हणाले. "एक मूल शब्दाला अडलं, त्याने अर्थ शोधला आणि पुढच्या मुलासाठी लिहून ठेवला. शाळेत मी जन्मभर हेच शिकवायचा प्रयत्न केला. तुझ्या वर्गात एकालाही जमलं नाही!"

तो ओशाळला, पण हटला नाही. "यादीवर सही झालीय, बाई. आता माझ्या हातात नाही. बुधवारी समितीची सभा आहे, तिथं यादी मंजूर होईल."

"मग आत्ता माझ्या कार्डावर दे. मार शिक्का."

"यादीत गेलेलं पुस्तक देता येत नाही. हे काल सांगितलं असतं तर..."

माझ्याकडे कार्ड आहे. बत्तीस वर्षांपासून आहे. या पाच वर्षांत मी हे पुस्तक एकदा जरी घरी नेलं असतं, नुसतं पिशवीत घालून दुसऱ्या दिवशी परत आणलं असतं, तरी ते रद्दीतून वाचलं असतं. पण मीच मुलांना बजावलं होतं, एकच प्रत आहे, कोणी हलवायची नाही, आल्या आल्या प्रत्येकाला कप्प्यात सापडली पाहिजे. मी स्वतःही तो नियम कौतुकाने पाळला. माझ्या चांगुलपणाने ती पट्टी कोरी राहिली होती. त्याच्यावर चिडणं सोपं होतं. स्वतःवर चिडून बसायला मात्र मला खुर्ची लागली.

टाचणी शेजारी येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"बाई, मी आत्ता इथं बसून शेवटचं प्रकरण वाचू?"

ग्रंथपालाने पुस्तक मिटलं. "यादीतलं पुस्तक वाचायला देता येत नाही, बाळा."

मला राहवलं नाही. "टाचणे, चल बाहेर. मला शेवट पाठ आहे. मी सांगते तुला."

"नको!" ती एवढ्या जोरात ओरडली, की वर्तमानपत्र वाचणाऱ्या दोन म्हाताऱ्यांनी माना वर केल्या. "सांगू नका. तेवीस मी स्वतः वाचलीत. हेही मीच वाचणार."

हे पुस्तक तिच्यासाठी काय होतं ते सांगायला हवं. शाळेत तिला दोन इयत्ता खाली बसवलं होतं, भाषा येत नाही म्हणून. नऊ-दहा वर्षांच्या मुलांमध्ये ही लांबसडक पोर, गुडघे बाकाखाली मावेनात. कादंबरीच्या सहाव्या प्रकरणात ती किल्ल्यांची मुलगी एक शब्दही न बोलता फळ्यावर गणित सोडवते, कारण आकड्यांना भाषा लागत नाही. ते प्रकरण वाचलं त्याच्या पुढच्या सोमवारी टाचणी सरळ मुख्याध्यापिकेच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "खडू द्या."

"कशाला?" मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"आधी द्या."

तिने भिंतीवरच्या फळ्यावर वरच्या इयत्तेचं गणित सोडवलं. उत्तराखाली दोन रेघा मारल्या. दुसऱ्या दिवशी तिला एक इयत्ता वर बसवलं. हे मला सांगताना ती चिडलेलीच होती.

"एकच?" मी विचारलं होतं.

"एकच. दुसरीसाठी भांडण चालू आहे."

आता लोक म्हणतात, गोष्टीची पुस्तकं वाचून काय होतं. एक इयत्ता होते, असं मी त्यांना सांगते.

त्या शनिवारी मुलं घरी निघाली तेव्हा टाचणी दारापाशी थांबली. दारालगत एक उंच टेबल आहे, त्यावर दोरीला बांधलेली एक वही असते. वर पाटी आहे. सुरेख, सरळ अक्षर, ओळखा कोणाचं. 'हवे असलेले पुस्तक वाचनालयात नसल्यास मागणी वहीत कोणीही नोंद करावी. प्रत्येक मागणी समितीच्या सभेत वाचून दाखवली जाईल.' ही वही नवीन सभासद मिळावेत म्हणून सुरू केली होती. गेल्या वर्षभरात तिच्यात चार नोंदी होत्या, त्यातल्या दोन कोड्यांच्या पुस्तकासाठी.

"बाई, कोणीही म्हणजे कोणीही?"

"कोणीही."

"कार्ड नसलेलेही?"

मी पाटी पुन्हा वाचली. कार्डाचा उल्लेख कुठंच नव्हता. मी मागे वळून ग्रंथपालाकडे पाहिलं. तो कधीपासून आमच्याकडेच बघत होता.

"कोणीही," तो म्हणाला आणि पुन्हा यादीत डोकं घातलं.

टाचणीने दोरीची पेन्सिल उचलली. वहीत चार रकाने होते. पुस्तक, लेखक, मागणी करणाऱ्याचे नाव आणि पत्ता, कारण. तिने पहिली नोंद केली. मग पेन्सिल दुसऱ्याच्या हातात दिली. शिक्षकाने कधी कधी हात पाठीमागे बांधून उभं राहायचं असतं, आणि ते फार अवघड असतं.

सोमवारी आणि मंगळवारी शाळा सुटल्यावर टाचणी कारखान्याच्या इमारतीतल्या खोल्यांमधून मुलं गोळा करून आणत होती. मी तिथं नव्हते. ग्रंथपाल मला नंतर म्हणाला, "बाई, दोन दिवसांत तीन वेळा पेन्सिलीला टोक काढलं मी."

बुधवारी पाच वाजता सभा. वाचनालयाच्या मधल्या दालनात लांब टेबलाभोवती पाच जण बसले. अध्यक्ष औषधांच्या दुकानाचे मालक, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलायला गोड, घाईत असलेले. मुलं कपाटांमधल्या जागेत जमिनीवर बसली होती. वाचनालय उघडं असताना त्यांना कोण उठवणार? मी वाचनालयाची सभासद म्हणून मागच्या खुर्चीत.

रद्दची यादी आली तेव्हा मी हात वर केला आणि त्या एका पुस्तकाबद्दल बोलले. अध्यक्षांनी ऐकून घेतलं, म्हणजे मान हलवत दुसऱ्या कागदावर सही केली.

"बाई, तुमचा आम्हाला आदर आहे," ते म्हणाले. "पण मुलांनी आनंदाची पुस्तकं वाचावीत. घर सुटलं, देश सुटला, बाप फरश्या पुसतो... हे रडगाणं पोरांच्या गळी कशाला उतरवायचं? त्यांनी तर ते विसरायला हवं. आणि आपल्या मुलांना त्यात काय?"

आपल्या मुलांना! माझ्या तोंडाशी आलेलं वाक्य इथं लिहिण्यासारखं नाही. मी ते गिळलं, कारण ग्रंथपाल उभा राहिला होता.

"पुढचा विषय, साहेब. मागणी वही."

"किती आहेत? दोन?"

"एकतीस."

सगळ्यांनी वर पाहिलं. त्याने वही उघडली, पट्टी पहिल्या ओळीखाली ठेवली आणि शाळेत वाचायचा तसा, एकसुरी आवाजात वाचायला लागला.

"'दोन किल्ल्यांची मुलगी.' पत्ता, शर्टांचा कारखाना, खोली चौदा, वरचा पलंग. कारण, शेवटचं प्रकरण राहिलंय."

"'दोन किल्ल्यांची मुलगी.' शर्टांचा कारखाना, खोली चौदा, खिडकीजवळचा पलंग. कारण, धाकट्या भावाला वाचून दाखवायचंय. त्याला अजून इथली भाषा येत नाही."

"'दोन किल्ल्यांची मुलगी.' शर्टांचा कारखाना, खोली नऊ. कारण, माझे बाबा पण फरशी पुसतात. ते तिकडे ड्रॉइंगमास्तर होते. आधी मी वर्गात सांगत नव्हतो. आता सांगतो."

"'दोन किल्ल्यांची मुलगी.' शर्टांचा कारखाना, खोली नऊ. कारण, टाचणीने लिहायला लावलं. पण वाचणार आहे."

एक सभासद हसला. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. "बरं, बरं, पुढचं सगळं तेच आहे ना? वाचलं असं समजू."

ग्रंथपालाने पट्टी एक ओळ खाली सरकवली. "नियम प्रत्येक मागणी वाचण्याचा आहे, साहेब."

"अहो, पण एकच पुस्तक!"

"मागण्या एकतीस आहेत."

आणि त्याने वाचल्या. एकही गाळली नाही. खोली सहा, खोली अकरा, जिन्याखालची खोली. परत वाचायचंय. आईला सांगायचंय त्यात काय होतं. मला वाटलं होतं माझ्यासारखं कोणी पुस्तकात नसतं. विसाव्या नोंदीपर्यंत अध्यक्षांची बोटं टेबलावर वाजत होती, नंतर तीही थांबली. मी या मोजपट्टीला शाळेत अख्खं एक वर्ष शिकवलं आणि त्याचं वाचन नीरस आहे म्हणून दर सहामाहीला गुण कापले. त्या दिवशी वाटलं, सगळे परत करावेत.

"एवढी मुलं राहतात तिथं?" एका सभासद बाईंनी हळूच विचारलं.

"राहत नाहीत," मी म्हणाले. "तुमच्या कागदांप्रमाणे तिथं कोणीच राहत नाही."

अध्यक्षांनी कपाटांकडे मान वळवली. "यातली पहिली नोंद कोणाची?"

टाचणी उभी राहिली. पुढे येऊन टेबलापाशी थांबली आणि उत्तर द्यायच्या आधी त्यांच्या गळ्याकडे टक लावून बघत राहिली.

"काय गं, काय बघतेस?"

"तुमची कॉलर. आमच्या कारखान्यातली आहे. टोकाला दुहेरी टीप माझी आई घालते."

अध्यक्षांचा हात आपोआप कॉलरकडे गेला.

"काका, तुम्ही म्हणालात आम्ही विसरायला हवं," टाचणी म्हणाली. "मी विसरले नाही तर तुम्हाला काय त्रास आहे? आणि ते रडगाणं नाहीये. ती मुलगी अख्ख्या पुस्तकात दोनदाच रडते. मी मोजलंय. तुम्ही वाचलंय का?"

वाचलं नव्हतं. पाचांपैकी कोणीच वाचलं नव्हतं, आणि पाच जण ते रद्दीत घालायला बसले होते.

पुस्तक यादीतून काढलं. कार्डांचं काय, असं मी तिथल्या तिथं विचारलं. अध्यक्ष म्हणाले, पत्त्याच्या पुराव्याचा विषय मोठा आहे, पुढच्या सभेत बघू. चौथ्यांदा! एका पुस्तकावर उदार होऊन माणसं घरी गेली, आणि ज्या नियमाने ते पुस्तक कोरं ठेवलं, तो नियम टेबलावर जसाच्या तसा राहिला. मी चौथा अर्ज त्याच संध्याकाळी लिहिला. त्याला त्या एकतीस पत्त्यांची नक्कल जोडली. एकतीस नोंदी, वाचनालयाच्याच वहीतल्या, वाचनालयाच्याच सभेत मोठ्याने वाचलेल्या. आता म्हणू देत, ही मुलं कुठं राहतात ते आम्हाला माहीत नाही.

शनिवारी पुस्तक खालच्या कप्प्यात होतं. पहिल्या पानावरची लाल फुली तशीच. मी ते उचलून ग्रंथपालाच्या टेबलावर ठेवलं, वर माझं कार्ड ठेवलं.

"घरी नेताय, बाई?"

"नाही. इथंच बसणार आहे. पण तू शिक्का मार. पुढच्या शनिवारीही मार, त्याच्या पुढच्याही."

त्याने शाईच्या डबीवर शिक्का दाबला आणि कोऱ्या पट्टीवर पहिली तारीख उमटवली. सरळ रेषेत, हे सांगायला नकोच.

टाचणीने पुस्तक घेतलं आणि भिंतीला पाठ लावून बसली. चोविसाव्या प्रकरणात अकरा पानं आहेत. मी दुसऱ्या मुलाचं वाचन ऐकत होते, पण लक्ष सगळं तिच्याकडे. शेवटचं पान उलटल्यावर ती जराशी थांबली, परत एक पान मागे गेली, पुन्हा वाचलं. मग पुस्तक धाडकन मिटलं.

"हा काय शेवट आहे?"

"का गं?"

"ती जुनी किल्ली नदीत टाकून देते! का टाकते? त्या घराला कुलूप आहे अजून. मी नसती टाकली." तिचा चेहरा लाल झाला होता. मी बत्तीस वर्षं या पुस्तकांमध्ये वावरते आहे, आणि तो शेवट मला नेहमी सुंदर वाटत आला होता.

ती उठून दाराजवळच्या उंच टेबलाशी गेली. दोरीची पेन्सिल घेऊन वहीत लिहू लागली. ग्रंथपाल जागेवरून उठून तिच्या मागे जाऊन उभा राहिला आणि चष्मा वर करून वाचू लागला.

"'दोन किल्ल्यांची मुलगी, भाग दुसरा.' अगं, असं पुस्तक नाहीये."

"नाहीये म्हणून तर मागणी लिहिलीय."

"बरं. पण लेखकाचा रकाना रिकामा सोडलास."

"असू दे रिकामा," टाचणी पत्ता लिहिता लिहिता म्हणाली. "लिहून झालं की भरेन."

मग तो टेबलाकडे जाऊन आपली पट्टी घेऊन आला आणि तिच्या नोंदीखाली ठेवली, ओळ तिरकी जाऊ नये म्हणून.